कॅमेरा ज्याच्या घरी राहतो

‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरावीत होतो. मामाच्या पीसीवर, कुणाकडून तरी आणलेल्या सीडीवर, सबटायटल्सशिवाय. अर्धे संवाद डोक्यावरून गेले. पण जोआना ही बाई वाईट आहे, हे पहिल्या दहा मिनिटांतच पक्कं झालं. ती झोपेला आलेल्या मुलाचा निरोप घेते, बॅग भरते आणि नवरा ऑफिसातून आल्यावर त्याला सांगते, मी चालले. लिफ्टचं दार बंद होतं. संपलं.

मला ती आवडण्याची शक्यताच नव्हती. मी तिसरीत असताना माझी आईसुद्धा गेली होती.

गेली म्हणजे सोडून नाही. बँकेत प्रमोशन मिळालं आणि त्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात बदली. शनिवारी रात्री एसटीनं यायची, रविवारी संध्याकाळी परत. असं तीन वर्षं. घरी मी, बाबा आणि आजी. आजी महिनाभर आत्याकडे गेली तेव्हा बाबांनी करपवलेले पोहे, उलट्या बाजूनं इस्त्री केलेला गणवेश, पालकसभेत सगळ्या आयांमध्ये अवघडून बसलेले बाबा, हे किस्से आमच्याकडे अजून रंगतात. पाहुणे आले की आजी सुरू व्हायची, “माझ्या लेकानं एकट्यानं सांभाळलं हो पोराला!” बाकीचे सगळे महिने स्वयंपाक आपणच केला, हे ती खुशाल विसरायची.

त्यामुळे डस्टिन हॉफमनचा टेड मला थेट बाबाच वाटला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तो मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला जातो. अंडं कपात फोडतो, ब्रेड मावत नाही म्हणून दुमडून कोंबतो, तव्याचा चटका बसतो. शेवटी तेच बापलेक तोच टोस्ट न बोलता, सराईतपणे करतात. भाषा कळायची गरजच नव्हती.

यंदा तो सिनेमा पुन्हा पाहिला, त्याला कारण घडलं. माझ्या बायकोला बंगळूरला आठ महिन्यांचं काम मिळतंय. तिनं हे सांगितल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, “आणि पिल्लूचं काय?” अभिनंदन नाही, काम काय आहे ते नाही. हेच. ती काही बोलली नाही, भांडी आवरायला लागली. रात्री चार वर्षांची लेक शेजारी झोपलेली असताना मी कानात हेडफोन घालून मोबाइलवर सिनेमा लावला. खरं सांगायचं तर मला टेडची सोबत हवी होती.

या वेळी सबटायटल्स होती.

आई का गेली, असं मुलगा विचारतो तेव्हा टेड त्याला सांगतो की चूक माझी होती. तिनं कशी बायको असावं हे मीच ठरवत राहिलो, तिला काय वाटतं ते ऐकलंच नाही. सोळाव्या वर्षी हा प्रसंग मला नुसता बापलेकांचा लाड वाटला होता. कोर्टातली जोआनाची साक्ष तर मी बहुतेक पळवलीच होती. रॉबर्ट बेंटनच्या या १९७९च्या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली, त्यातलं एक मेरिल स्ट्रीपचं. साक्षीतलं ते भाषण बेंटनच्या सांगण्यावरून तिनं स्वतः लिहिलं होतं. आपण आई आहोत, मुलावर आपलं प्रेम आहे, आणि तरीही त्या घरात आपला जीव गुदमरत होता, हे सगळं ती एकाच वेळी मांडते. टेडचा वकील तिला विचारतो, आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या नात्यात तुम्ही अपयशी ठरलात ना? ती टेडकडे बघते. तो हळूच नकारार्थी मान हलवतो. आपल्याच वकिलाविरुद्ध.

मग लक्षात आलं, की सिनेमा जोआनाशी दुष्टपणे वागत नाही, पण तिच्याबरोबर जातही नाही. कॅमेरा टेडच्या घरी राहतो. त्याची प्रत्येक सकाळ, त्याची गेलेली नोकरी, जखमी मुलाला उचलून हॉस्पिटलकडे धावणं, सगळं आपण बघतो. तिचा त्या काळातला एकही दिवस दिसत नाही. ती परतते तेव्हासुद्धा आधी दिसते ती शाळेसमोरच्या कॉफी शॉपच्या काचेआड, मुलाला लांबून बघताना. पूर्वी मला ती पाळत ठेवणारी बाई वाटली होती.

आमच्या घरातला कॅमेराही तीन वर्षं घरातच होता. बाबांचे किस्से मला तोंडपाठ आहेत. आईचा एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. “तू तिकडे राहायचीस ती खोली कशी होती गं?”

“आता हे काय मध्येच?” मग म्हणाली, “लहान होती. एक खाट, एक स्टोव्ह. पावसाळ्यात गळायची. रविवारी रात्री पोचल्यावर जेवायचे नाही मी, नुसता चहा.” थोडं थांबून म्हणाली, “तुझं शाळेचं वेळापत्रक उतरवून नेलं होतं. बँकेतल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. आता गणिताचा तास चाललाय, आता डबा खात असेल, असं बघायचे मध्येमध्ये.”

“कधी सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलं नाही.” तक्रारीचा सूर नव्हता. कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

बाबांचं श्रेय मला कमी करायचं नाही. त्यांनी खरंच केलं, आणि आज घरात सगळ्यांत चांगले पोहे त्यांच्याच हातचे होतात. पण घरी राहिलेल्या माणसाची गोष्ट आपोआप तयार होते. ती बघायला घरात माणसं असतात. गेलेल्या माणसाची गोष्ट मुद्दाम विचारावी लागते. मला ती विचारायला पंचवीसेक वर्षं लागली.

त्या संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. चहा झाला होता. मी तिला विचारलं, “बंगळूरला खोली कुठल्या भागात बघायची?”

तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग कप उचलला.