भजनाचा पडदा

बारा माणसं रंगमंचावर एका ओळीत उभी राहतात. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. तोंडी गणपतीचं नाव आणि अंगात एक साधं डोलणं, एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. आरतीला उभं राहिलं की आपल्याही नकळत अंग असंच हलायला लागतं. मृदंगाची थाप पडते आणि बघणाऱ्याचा पाय खुर्चीखाली ठेका धरतो. ‘घाशीराम कोतवाल’ सुरू होऊन पाच मिनिटंही झालेली नसतात, आणि प्रेक्षक त्या ओळीत सामील झालेला असतो. विजय तेंडुलकरांनी नाटकाचा पहिला डाव इथेच टाकला आहे, तो बराच वेळ कळत नाही.

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पुण्यातल्या पीडीएने, 16 डिसेंबर 1972 रोजी हे नाटक पहिल्यांदा केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल. हे दौंडला मुलांचे डॉक्टर. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. संगीत सतारवादक भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. रमेश टिळेकर घाशीराम. गाणाऱ्यांत रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे. पुण्याच्या पेठांतल्या सगळ्या सुखवस्तू विश्वासांना हात घालणारं नाटक याच पुण्यातल्या डॉक्टरांनी आणि गाणाऱ्यांनी हौसेने उभं केलं, याची गंमत मला अजून वाटते.

या ओळीला नाटकात मानवी पडदा म्हणतात. कोकणातल्या खेळ्यांमध्ये मागे गाणाऱ्यांची रांग असते, तिथून ती तेंडुलकरांना सुचली. पण खेळ्यांतली रांग साथ देते. ‘घाशीराम’मधली रांग झाकते. तोंड प्रेक्षकांकडे असेल तर ती भजनाची मंडळी, पाठ फिरवली की भिंत. त्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, कळतं मात्र सगळं. पुन्हा तोंड वळलं की दरबार, पुन्हा वळलं की बाग, गल्ली, तुरुंग. नेपथ्याला एक पैसा खर्च न करता सगळं पुणं उभं राहतं. आणि प्रत्येक वेळी, जे दिसू नये ते झाकायची वेळ आली, की ओळीतून हरिनाम सुरू होतं.

विडंबन आहे ते इथे. भटजींच्या शेंड्या आणि ढेऱ्या ही वरवरची थट्टा झाली. ती आपल्याकडे जुनीच आहे आणि स्वतः भटजीही तिला हसत आलेत. इथे भजनाचा शब्द बदललेला नाही, चाल बिघडवलेली नाही, कुणी डोळा मारत नाही. भजन अगदी शुद्ध आहे. फक्त ते कधी म्हटलं जातंय एवढंच बदललंय. नाना कीर्तनाला आलेल्या एका कोवळ्या मुलीवर नजर ठेवतात, गर्दी पांगल्यावर तिच्या मागे लागतात, आणि ती बाप्पाच्या मूर्तीकडे बोट करते तेव्हा ते त्या देवालाही आपल्या बाजूचा धरून चालतात. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मीही हसलो आहे. हसणं ओठावर असतानाच पोटात काहीतरी खाली बसतं, कारण मुलगी खरोखर घाबरलेली असते आणि मूर्ती खरोखर काही बोलत नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. कनोजहून आलेला घाशीराम सावळदास पुण्यात पोटासाठी बावनखणीत, म्हणजे नायकिणींच्या वस्तीत, गुलाबीच्या दारी नाचतो, तिथून हाकलला जातो, रमण्यात दक्षिणेच्या गर्दीत चोर ठरवला जातो, मार खातो. सूड म्हणून तो स्वतःची मुलगी ललितागौरी नानांना देऊन कोतवाली विकत घेतो. मग रात्री रस्त्यावर यायला परवाना, बायकोजवळ निजायलाही जणू परवाना, चोरीच्या संशयावरून ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा. गौरी बाळंतपणाच्या वाटेवर मरते. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात, शहर खवळतं, नाना शांतपणे एका कागदावर सही करतात आणि घाशीराम दगडांनी ठेचला जातो. 1791 मध्ये पुण्यात एका कोतवालाचा असा अंत झाला, एवढं इतिहासात आहे. बाकीची रचना तेंडुलकरांची, आणि हे ऐतिहासिक नाटक नाही असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही, ते सोडा.

मला अडखळायला होतं ते दक्षिणेपाशी. नाटकात तो प्रसंग पाच-दहा मिनिटांचा आहे. पण पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात खरोखर हजारो ब्राह्मण जमत आणि दक्षिणा घेऊन बाहेर पडत. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा पैसा हळूहळू पाठशाळेकडे आणि मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली ती त्यातूनच. 1855 मध्ये जोतीराव फुल्यांनी या कमिटीकडे एक नाटक पाठवलं, ‘तृतीय रत्न’. त्यात एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि अनुष्ठानाच्या नावाने त्या घराला कर्जात बुडवतो. विदूषक मधे मधे तोंड घालतो, प्रेक्षकाला टोचतो. कमिटीने नाटक नाकारलं. फुल्यांनी याची नोंद ‘गुलामगिरी’त केली आहे, नाटक मात्र पुढे शंभराहून जास्त वर्षं छापलं गेलं नाही.

म्हणजे दक्षिणेवरची टीका दक्षिणेच्याच पैशातून बक्षीस मागायला गेली होती. यात फुल्यांचा भाबडेपणा नव्हता, मिस्कीलपणा होता, असं मी धरून चालतो. ‘तृतीय रत्न’मधला जोशी आणि ‘घाशीराम’च्या ओळीतला आठवा किंवा नववा ब्राह्मण, ही दोन माणसं मला वेगळी वाटत नाहीत. फरक इतकाच की फुल्यांच्या जोश्याशी वाद घालता येतो. तो बोलतो, त्याला उत्तर देता येतं, शेवटी कुणबी नवरा-बायको त्याला ओळखून शाळेची वाट धरतात. ओळीतला नववा ब्राह्मण गातो. गाणाऱ्याशी वाद कसा घालायचा?

आपल्या गावांकडे देवाची थट्टा कधी कुणाला खुपली नव्हती. भैरोबाची, खंडोबाची जत्रा. दिवसा पालखी, नैवेद्य, नवस. रात्री त्याच वर्गणीतून तमाशाचा फड. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी म्हणजे मिशा काढून लुगडं नेसलेला एक पुरुष, आणि वाट अडवून उभा राहिलेला किसनदेव. हा देव दाण मागतो, मावशी त्याची उलटतपासणी घेते. तू कोण, कुणाचा, कर घ्यायचा कागद कुठाय, असं करत करत ती त्याला पाटलाच्या पोरासारखं झापते. पेंद्या तोतरं बोलून देवाची उरलीसुरली लाज घालवतो. सकाळी पालखीला खांदा दिलेले म्हातारे फेटा सावरत पुढच्या रांगेत हसत बसलेले असतात. देव आपला होता, म्हणून त्याला बोलायची मुभा होती. सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी मंडळींनी याच साच्यात जलसे उभे केले, तेव्हा मात्र खळखळ झाली. कारण तिथे प्रश्न देवाला नव्हता, देवाच्या नावाने जगणाऱ्याला होता.

तेंडुलकरांनी ही गवळण ‘घाशीराम’मध्ये उचलून ठेवली आहे, फक्त पात्रं उलटी केली आहेत. सुरुवातीलाच सूत्रधार रात्री लगबगीने निघालेल्या ब्राह्मणांची वाट अडवतो. कुठे निघालात? कीर्तनाला, देवळात. आणि वाट जाते बावनखणीकडे. वाट अडवणारा किसनदेव नाही आणि डोक्यावर दुधाचा हंडाही नाही, पण बोलण्याची फेक तीच, थांबवण्याची अदा तीच. तमाशा पाहून मोठा झालेला प्रेक्षक ती चटकन ओळखतो. पुढे अभंगातून लावणीत आणि लावणीतून पुन्हा अभंगात नाटक इतकं सहज घसरतं की जोड सापडत नाही. चंदावरकरांनी ही जोड मुद्दाम लपवली आहे. कुणा कच्च्या संगीतकाराने तिथे एक खटका ठेवला असता, म्हणजे प्रेक्षकाला इशारा मिळाला असता की बघा, आता उपरोध सुरू झाला. इथे इशारा नाही. टाळ वाजत राहतात.

व्हायचं ते झालं. ब्राह्मणांची बदनामी, नाना फडणवीसांची बदनामी. एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएनेच नाटक बंद केलं. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापली, आणि 1974 पासून ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. 1976 मध्ये त्यावर चित्रपट झाला. 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्याची वेळ आली तेव्हा पुन्हा विरोध, पुन्हा कोर्ट. मराठी माणसाची अब्रू परदेशात जाणार म्हणून. नाटक गेलं, तिथल्या लोकांना मानवी पडदा फार आवडला, आणि अब्रू होती तिथेच राहिली.

याच्याशेजारी अमेरिकेतली एक हकीकत ठेवून पाहावीशी वाटते. 2011 मध्ये ब्रॉडवेवर ‘द बुक ऑफ मॉर्मन’ ही संगीतिका आली. मॉर्मन पंथाच्या दोन पोरसवदा धर्मप्रचारकांना युगांडात पाठवून तिने त्यांच्या ग्रंथाची, संतांची आणि गोडगोड हसण्याची यथेच्छ टर उडवली. नऊ टोनी पुरस्कार मिळाले. मॉर्मन चर्चने मोर्चा काढला नाही की कोर्टात गेलं नाही. उलट नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत जाहिरात दिली, तिचा आशय असा: नाटक पाहिलंत, आता मूळ ग्रंथ वाचा. शहाणपण म्हणा, धंद्याची नजर म्हणा. पण त्या नाटकातले प्रचारक शेवटी भले ठरतात, श्रद्धा खुळी असली तरी माणसाच्या उपयोगी पडते असं म्हणत पडदा पडतो. जाहिरात द्यायला जागा होती. ‘घाशीराम’मध्ये अशी जागा नाही. तिथे श्रद्धा खुळी नाही, ती कामाची आहे, आणि तिचं काम चोख होतं.

या नाटकावरच्या जुन्या आक्षेपांत मी नानांचं चारित्र्य वाचलं, पेशवाईचा इतिहास वाचला, जातीचा अपमान वाचला. भजनाचा असा वापर केला म्हणून देवाच्या वतीने कुणी रागावलं आहे, असं माझ्या वाचनात आलं नाही. ललितागौरीबद्दलही फारसं कुणी बोललेलं दिसलं नाही. हे मला नाटकापेक्षाही जास्त बोलकं वाटतं. बारा जणांच्या ओळीपलीकडे एक पोर संपली, आणि भांडण झालं ते ओळीच्या इभ्रतीवरून.

माझ्याच एका परिचितांनी मला ऐकवलं होतं की आता या नाटकाचं काय, पेशवे गेले, पुणंही ते राहिलं नाही. त्यांचं खरं आहे. रमण्यात आता कुणी दक्षिणेला जमत नाही. पण मांडवातल्या भोंग्यावर भक्तिगीत इतकं मोठ्याने लागतं की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा मला चंदावरकरांची चाल आठवते. त्या आवाजाच्या आड काही चाललेलं असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. पण असलं तरी आपल्याला कळायचं नाही, आणि पाय मात्र ठेका धरून असेल.

हे नाटक नव्याने बसवणाऱ्या तरुण मंडळींना म्हणून एकच विनंती. भजन वाकडं म्हणू नका. तोंड वेंगाडून, आवाज चिरकवून, आम्ही यांच्यातले नाही असं दाखवत म्हणू नका. गाणारी बाराही माणसं सुरात हवीत, रियाज केलेली हवीत, शक्य तर खरोखर भजनाला बसणारी हवीत. ती बेसूर गायली तर प्रेक्षक निवांत हसेल, पेशव्यांना नावं ठेवेल आणि जेवायला घरी जाईल.