इंद्रायणीतल्या माशांची वीण

चाकणच्या कांदाबाजारातून नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघाले की मोशीजवळ इंद्रायणी आडवी येते. उजव्या हाताला वर देहू, डाव्या हाताला खाली आळंदी. देहूच्या डोहातले महाशीर मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाचे म्हणून जपले.

अलीकडे मात्र आळंदीला पाण्यावर पांढरा फेस अनेकदा दिसतो. गावा-शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी नदीत मिसळते. ही घाण कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मेलेला मासा सर्वांना दिसतो. पण जगलेल्याचे काय?

हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायप्रिनस मासे त्यांनी लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम प्राणवायू असलेल्या पाण्यात काही आठवडे ठेवले. मासे जगले, पण विणीची संप्रेरके बिघडली, गाबोळी नीट पोसली नाही, अंडी कमी फळली, पिल्ले कमी वाचली. भाकड गाय गोठ्यात उभी दिसते, पण वेत होत नाही, तशीच ही गत.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी फेसाळ पाणी आत घेऊ नये, शेणखत बेताने टाकावे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे.

नदीसाठी उपाय एकच: सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे. ग्रामसभेत हा विषय जरूर काढा. आणि नदीत मासे दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. पावसाळ्यानंतर काठाच्या उथळ पाण्यात बोटभर पिल्ले दिसतात का, ते पाहा.