नात आणि नाताळ

नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला, असे आम्हाला वर्गात सांगितले गेले. माझ्या आजीला हे मुळीच मान्य नाही. "नावातच नात हाय की! नातवंडांकडं जायचा सण तो," हे तिचे म्हणणे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी डिसेंबरात भाताची मळणी उरकलेली असते, आणि बंगळूरला काकांच्या मुलांना सुट्टी नेमकी तेव्हाच पडते. म्हणजे तिची व्युत्पत्ती अगदीच टाकाऊ नव्हे.

याच व्युत्पत्तीच्या जोरावर तिने गेल्या डिसेंबरात आजोबांना घराबाहेर काढले. लग्नाला आठ वर्षे झाली तरी आजोबा काकांच्या घरी एकदाही गेले नव्हते. काकू कन्नड. १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आजोबांनी आठ दिवस तुरुंगात काढलेले. लग्नाला त्यांनी विरोध केला नाही. अक्षता टाकल्या, सुनेला पाटल्या घातल्या आणि मग शेतीची कामे पुढे करून गप्प बसले. शेतीची कामे आठ वर्षे कशी पुरतात, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी विचारत नाही.

सोबतीला मी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये नवे तांदूळ, पोहे, गुळाची ढेप, तिळाचे लाडू आणि आजोबांचे काळे कांबळे एवढे सामान चढवता चढवता माझी दमछाक झाली. "बंगळुरात थंडी असतेय," एवढेच आजोबा बोलले. पुढे अरसिकेरेपर्यंत ते झोपले नाहीत.

दारात चार वर्षांची चिमुरडी धावत आली. "अज्जी!"

"एक ज जास्त घातलास गं बाळ," आजी म्हणाली आणि हसली. पण ते हसू दुपारपर्यंतच टिकले. मुले आईशी कन्नड बोलत, आपापसात इंग्रजी. काका दिवसभर कचेरीत. आजीने काऊ-चिऊची गोष्ट सांगायला घेतली. दोघांनी थोडा वेळ शहाण्यासारखे ऐकले आणि मग हळूच टीव्हीपुढे जाऊन बसली. रात्री अंथरुणावर ती मला म्हणाली, "शेणाचं घर, मेणाचं घर, काय सुदीक कळंना त्यांला. उद्याचं तिकीट काढ."

तिकीट मिळाले नाही. हे बरे झाले, कारण तिसऱ्या दिवशी थोरल्याची तालीम होती. इमारतीतल्या मुलांचे नाताळचे नाटक होते आणि सहा वर्षांचा हा मेंढपाळ झाला होता. डोक्यावर आंघोळीचा टॉवेल, हातात छत्री. आजोबा बराच वेळ त्या टॉवेलाकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "कुरुबरु टावेल हाकोदिल्लप्पा. कंबळी हाकतार."

धनगर टॉवेल पांघरत नाहीत बाबा, कांबळे पांघरतात! स्वयंपाकघरातली पळी थांबली. आजोबांना कन्नड येते हे मला ठाऊक होते. बाजारात बैलांचे सौदे त्यांनी जन्मभर त्याच भाषेत केले. पण घरात, उंबऱ्याच्या आत, त्यांच्या तोंडून ती मी प्रथमच ऐकली. त्यांनी कांबळे आणले, आमच्याकडे पावसात भाताची लावणी करताना घालतात तशी त्याची खोळ केली आणि नातवाच्या डोक्यावर चढवली. पोर पार झाकून गेले.

"कंबळी!" ते आतून ओरडले.

"कांबळं," आजी म्हणाली.

"कंबळी!"

आजी उठलीच. खिडकीला हात लावून म्हणाली, "खिडकी." चिमुरडी म्हणाली, "किटकी." ताटाचे तट्टे झाले. करंज्यांची कणीक मळताना आजीने उंडा दाखवला, तर तिथे उंडे आधीच हजर! आजीला एवढा आनंद झाला की त्या दिवशीच्या करंज्यांत वेलची घालायची राहिली. तरी त्या संपल्या. खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती बाईंनी नेवऱ्यांचे ताट पाठवले, तेही आजीने आधी फोडून, आतले खोबरे तपासूनच मंजूर केले.

नाटकाच्या संध्याकाळी आमचा मेंढपाळ उकाड्याने घामाघूम झाला, पण कांबळे सोडीना. थर्माकोलच्या गोठ्यात गाय भिंतीकडे तोंड करून उभी होती. आजोबांना ते बघवेना. पडदा पडल्यावर ते सरळ वर चढले आणि "गव्हाण इकडं, अन् तोंड तिकडं?" असे पुटपुटत गाय फिरवून आले. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटते, आजोबांसमोर त्या प्रथमच हसल्या.

निघताना स्टेशनवर त्या पाया पडल्या. आजोबा घसा खाकरून म्हणाले, "ब्यासगी सूटीगे बर्री." उन्हाळ्याच्या सुट्टीत या. काकूंनी मराठीत उत्तर दिले, "येतो, मामंजी." पुण्याकडचे लोक याला व्याकरणाची चूक म्हणतील. आमची आजीही अशीच बोलते.

गाडीत रात्री आजोबांना थंडी वाजू लागली. कांबळे सामानात नव्हते.

"इसरलासा व्हय?" आजीने विचारले.

आजोबांनी धोतराचे सोगे पायाभोवती गुंडाळले, भिंतीकडे कूस वळवली आणि म्हणाले, "ती किटकी तेवढी लाव."