रेघ कशी ओढली असेल?

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चित्र म्हणजे भिंतीवरची राजा रविवर्म्याची छापील सरस्वती. पाहुणे आले की त्यांना राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात न्यायचं आणि मूळ रविवर्मा दाखवायचा. "साडीची जर बघा, खरी वाटते की नाही?" आमचं कलाशिक्षण एवढंच. फाइन आर्ट्सच्या फाटकावरून मी पाच वर्षं कॉलेजला गेले, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. 'ते आपल्याला कळत नाही' हे आधीच ठरलेलं होतं.

२०१३ साली मी नोकरीसाठी दिल्लीत होते. एका रविवारी साकेतच्या मॉलमध्ये चपला घ्यायला गेले, तिथे किरण नाडर कला संग्रहालयाची पाटी दिसली. तिकीट नव्हतं, म्हणून शिरले. नसरीन मोहमदी यांचं प्रदर्शन होतं. कागदावर पेन्सिलच्या आणि शाईच्या नुसत्या रेघा. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. दहा मिनिटांत मी सगळं पाहून संपवलं. मनात आलं, हे तर आमचे बाबाही काढतील!

परत निघाले तेव्हा एक मुलगी दहा-बारा जणांना चित्रं समजावून सांगताना दिसली. मीही मागे उभी राहिले. ती म्हणाली, "हे कशाचं चित्र आहे, ते जरा बाजूला ठेवा. ही रेघ कशी ओढली असेल, ते सांगा."

आम्ही एकाच चित्रापुढे पंधरा मिनिटं उभे होतो. हळूहळू दिसायला लागलं. रेघ कुठे दाट होती, कुठे विरत गेली होती. दोन रेघांमधलं अंतर केसाएवढं कमी होत होतं, आणि सपाट कागद आत खोल गेल्यासारखा वाटत होता. मग ती मुलगी सांगू लागली. नसरीनबाई ड्राफ्ट्समनची अवजारं वापरायच्या. १९७२ पासून १९९० साली त्या गेल्या तोपर्यंत त्यांनी बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवलं. म्हणजे माझ्या त्या फाटकाच्या आत! शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारामुळे त्यांचा स्वतःच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. तरीही रेघा अशाच राहिल्या.

मी चपला न घेताच घरी आले.

माझे बाबा ड्राफ्ट्समन होते. एकतीस वर्षं एका कारखान्यात त्यांनी पंपांची ड्रॉइंग्ज केली. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांचा बोर्ड गोदामात गेला आणि बाबा मुदतीआधीच घरी बसले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. आता त्यांचा हात थरथरायचा. चहा बशीत सांडला की आम्ही दुसरीकडे बघायचो.

दिवाळीला घरी गेले तेव्हा नसरीनबाईंच्या चित्रांचं पुस्तक नेलं. बाबांनी भिंग लावून पानं पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात फार स्वच्छ आहे गं." मी त्यांना आजाराबद्दल सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं, उठले आणि मला माळ्यावरून पत्र्याचं नळकांडं काढायला लावलं.

आत ट्रेसिंग पेपरवरची ड्रॉइंग्ज होती. बाबांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे शाई पसरली होती. ब्लेडने खरवडून काढली. कुणाला दिसत नाही, पण मला दिसते."

"बाबा, ही तर कला आहे."

"छे! हा पंप आहे. तो चालला पाहिजे. त्या बाईंच्या रेघेला काही चालवायचं नाही. त्यांचं काम जास्त अवघड."

समकालीन कलेबद्दल इतकं नेमकं मी नंतरच्या व्याख्यानांतही फारसं ऐकलं नाही. आणि ती व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली. जिथे जाते तिथे संग्रहालयात चित्रं समजावून सांगणारं कुणी आहे का, ते आधी विचारते. सगळं कळतंच असं नाही. पण एका चित्रापुढे पंधरा मिनिटं थांबायची सवय लागली.

बाबा आता नाहीत. नळकांडं माझ्याकडे आहे. मी त्या घरात चोवीस वर्षं राहिले, आणि "बाबा, ही रेघ कशी ओढता?" हे विचारायला मला दिल्लीच्या एका अनोळखी मुलीनं शिकवावं लागलं.