कँडीची दोन फुले

मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले होते. तेथील दंतधातू विहारात उपासक कमळे वाहतात, तशीच निळी कुमुदेही. आपण दोन्हींना कमळच म्हणतो! उपासकांनो, तळ्यातले पान पाहा. कुमुदाचे पान देठापर्यंत चिरलेले, पाण्यावर पसरलेले. कमळाचे अखंड, छत्रीसारखे पाण्याबाहेर उभे. त्यावर थेंब ठरत नाही. पाकळ्या गळल्या की कमळात झारीच्या तोंडासारखा भोकांचा गड्डा उरतो. कुमुदाचे फळ पाण्याखाली पिकते. शास्त्रज्ञांनी जनुके तपासली, तर कमळाचा भाऊबंद निघाला काश्मीरचा चिनार! कुमुद राहिले दूरच. म्हणजे रूप एक, तळे एक, कूळ वेगळे. विहारात ते कोणी विचारत नाही. दोन्ही फुले एकाच मेजावर ठेवतात.