चौथी सही

'घर पहावें बांधून, लग्न पहावें करून' असें ज्यानें प्रथम म्हटलें त्याच्या काळीं नगरपरिषद नसावी. नाहीं तर 'परवानगी पहावी काढून' हें तिसरें पद त्यानें खचित जोडलें असतें.

आमचें गोंदियाचें घर वडिलांच्या हातचें. मातीच्या भिंती आणि वर कवेलू. गतवर्षींच्या पावसांत मागची भिंत बसली, तेव्हां सांदवाडीकडील भाग पाडून तेथें पक्कें बांधकाम करावें असें मुलांनीं व पुतण्यानें ठरविलें. अर्ज मीच लिहीन, असें मीं मोठ्या उत्साहानें सांगितलें. पस्तीस वर्षें मुलांकडून अर्जलेखन गिरवून घेतलेला मनुष्य मी! पण हल्लीं हा अर्ज वास्तुविशारद संगणकावरून करितो. त्याला माझी भाषा नको होती, कागद हवे होते. मुंबई वगळतां बहुतेक महाराष्ट्रास २०२० सालीं एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिचीं पानें पाहिलीं तेव्हां पाणिनीचा लाघवाचा हव्यास किती थोर होता तें कळलें.

१९६६ च्या नगररचना अधिनियमान्वयें साठ दिवसांत उत्तर न आल्यास, नकाशा नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळालीच असें मानतात. हें ऐकून पुतण्या हर्षला. परंतु दिवस मोजावयाचे ते अर्ज पूर्ण झाल्यावर, आणि आमचा अर्ज अपुरा होता. मालमत्ता पत्रकावर चार नांवें. तिघांच्या सह्या एका सकाळींच झाल्या. चौथें नांव बालाघाटच्या अक्काचें.

संस्कृतच्या तासाला एकत्र कुटुंबाचा दाखला देऊन मी समाहारद्वंद्व शिकवीत असें: पदें अनेक, वचन एक. मालमत्ता पत्रकानें आमचा इतरेतरद्वंद्व केला; प्रत्येक पद निराळें मोजलें.

बारा वर्षांपूर्वीं शेताच्या वांटणीच्या वेळीं अक्कानें हक्कसोडपत्रावर न वाचतां सही केली होती. आम्हीं तिला साडीचोळी केली आणि धर्म झाला असें मानलें. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत कन्येला जन्मतःच पुत्राइतका हक्क दिला होता. वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या मला तें ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. त्यानंतर भाऊबीजेला ती कधीं आली नाहीं.

पिशवींत दोन कागद घेऊन मी बालाघाटास गेलों. एक बांधकामास संमतीचा, दुसरा घरावरील हक्क सोडण्याचा. दुसरा पुतण्यानें घातला होता. मीं तो काढून ठेविला नाहीं, हें खरें.

अक्कानें या खेपेस चष्मा लावून दोन्ही वाचले. मग नकाशा पसरला आणि कडेच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "हें रिकामें कां?"

"सामासिक अंतर. उजेडवाऱ्यासाठीं हद्दीपासून जागा सोडावीच लागते."

"शेजाऱ्याचा वारा अडूं नये म्हणून?"

"त्याचाहि, आपलाहि."

"बरें आहे. आणि माझी खोली कोणती रे?"

नकाशांत सहा खोल्या होत्या. मला उत्तर सुचेना. तिनें हक्कसोडपत्राची घडी घालून तें माझ्या पिशवींत परत ठेविलें, संमतीपत्रावर सावकाश सही केली, आणि चहा ठेवावयास उठली.

परतल्यावर मीं वास्तुविशारदास कोठाराच्या जागीं पूर्वेकडे खिडकी असलेली खोली काढावयास सांगितलें. सारा नकाशा पुन्हा काढावा लागला. पुतण्या दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. त्या खोलीवर नकाशांत नुसतें 'शयनगृह' असें लिहिलें आहे. परवां अर्ज दाखल झाला. साठ दिवस आतां चालू झाले आहेत.