तपासणीपुरती फी

मिरजेच्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंचं माझ्यावर ऋण आहे. त्यांनी माझ्या लेकावर कुठलाही उपचार केला नाही, त्याबद्दल.

लेक तेव्हा तिसरीत होता. ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजासकट सांगायचा, पण पुस्तक उघडलं की त्याला घाम फुटायचा. ‘घर’चं ‘धर’, ‘कर्म’चं ‘क्रम’. ‘दिवस’ वाचताना आधी वेलांटीपाशीच अडायचा, कारण ती लिहितात अक्षराआधी आणि ऐकू येते नंतर. ‘अक्षरं हलतात गं,’ म्हणायचा. चष्म्याच्या एका दुकानात रंगीत भिंगं आणि डोळ्यांचे व्यायाम असा सहा महिन्यांचा कोर्स सांगितला. रक्कम मोठी होती. ‘पैसे भरायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखव,’ असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मिरज गाठली.

डॉक्टरबाईंनी नंबर, तिरळेपणा, दोन्ही डोळ्यांचा मेळ, सगळं तपासलं. मग त्याच्या दप्तरातलं बालभारतीचं पुस्तक काढून वाचायला लावलं आणि तो काय चुकतो ते कागदावर टिपत गेल्या.

‘डोळे छान आहेत हो याचे,’ त्या म्हणाल्या. ‘अक्षर दिसतंय त्याला. त्याचा आवाज चटकन सापडत नाही, आणि ते काम डोळ्यांच्या मागे, मेंदूत चालतं. माझ्याकडे त्याला औषध नाही.’

हा घोळ मूळचा आमच्याच लोकांचा, असंही त्या हसत म्हणाल्या. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द दिला श्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाने, तोही मेंदूच्या आजाराने वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. १८९६ साली इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सीची हकीकत छापली. मुलगा हुशार, नजर चांगली, गणितात गती. पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद हिन्शलवूड यांनी तर १९१७ साली ‘जन्मजात शब्दांधत्वा’वर पुस्तकच लिहिलं. तेव्हापासून संशय डोळ्यांवर आहे तो आहेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र येऊन सांगितलं, की रंगीत भिंगांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामांनी वाचनदोष जातो याला भक्कम पुरावा नाही.

‘मग अक्षरं हलतात ती?’ मी विचारलं.

त्यांनी ते उडवून लावलं नाही. काही मुलांना शेजारशेजारच्या अक्षरांची गर्दी फार जाचते, म्हणाल्या. हलती दृश्यं टिपणाऱ्या मज्जामार्गात कमतरता असते असं मानणारे ऑक्सफर्डचे जॉन स्टाइन यांच्यासारखे संशोधकही आहेत. पण मुळात वाचन कमी झाल्यामुळेही असे फरक पडू शकतात, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला, यावर वाद आहे. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांना अक्षरांत जादा अंतर सोडलेला मजकूर दिला, तेव्हा चुका कमी झाल्या नि वेग वाढला. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली, ती तशी सुटी करता येत नाहीत. म्हणून डॉक्टरबाईंनी सुचवलं, की धडा मोठ्या टाइपात, शब्दांत नि ओळींत मोकळी जागा सोडून छापून घ्या; फुकटचं आहे, करून बघायला हरकत नाही. टेबलावरच्या लग्नपत्रिकेत कात्रीने एका ओळीएवढी खिडकी कापून त्यांनी लेकाच्या हातात दिली. तो ती पुस्तकावर सरकवत बसला.

मग चिठ्ठी लिहून दिली, सांगलीतल्या एका विशेष शिक्षिकेच्या नावे. या बाईंनी जोडाक्षरं आधी तोंडाने फोडायला शिकवली. ‘कर्म’मध्ये र आधी ऐकायचा, मग त्याचा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा. ‘क्रम’मध्ये तोच र क नंतर येतो, म्हणून पायाशी. रोज थोडं, पण खाडा नाही. प्रगती गोगलगायीची होती. पुढे रीतसर चाचणी झाली, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं आणि दहावीला जादा वेळ मिळाला. आजही तो सावकाशच वाचतो, पण आपणहून वाचतो.

आम्ही किती खर्चाच्या तयारीने आलो होतो, हे डॉक्टरबाईंना दिसत होतं. मी न विचारता सांगूनही टाकलं होतं. त्यांनी तपासणीची फी तेवढी घेतली. भिंगांसाठी बाजूला काढलेल्या पैशांत सांगलीच्या बाईंची वर्षभराची शिकवणी निघाली.